ब्रेस्लाउहून सप्रेम नमस्कार

१८९०च्या दशकातली जर्मन शहरांची रंगीत पोस्टकार्डं पाहिली की त्यांवरची दाटी आधी नजरेत भरते. एकाच बाजूला दोन-तीन चित्रं असतात. एकात नगरभवन, दुसऱ्यात चर्च, तिसऱ्यात नदीवरचा पूल. त्यांच्या भोवती वेलबुट्टी, मध्ये वळणदार अक्षरांत ‘अमुक गावाहून नमस्कार’, आणि उरलेल्या चतकोर जागेत पाठवणाऱ्यानं शाईनं कोंबलेला मजकूर. काहींनी तर चित्रातल्या आकाशावरही लिहिलेलं असतं. कार्ड उलटलं तर मागं नुसता पत्ता. त्या बाजूवर पत्त्याखेरीज काहीही लिहायला टपाल खात्याची परवानगी नव्हती. जर्मनीत १९०५ साली ही बाजू उभ्या रेघेनं दुभागली गेली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी वाटणी झाली आणि चित्राला अख्खी बाजू मोकळी मिळाली. कार्डावर तारीख नसली तरी ते १९०५च्या आधीचं की नंतरचं, हे ही रेघ बऱ्यापैकी सांगून जाते.

अशा कार्डांच्या आधारानं आपण या प्रकरणात सायलेशियात फिरणार आहोत. ओडर नदीच्या दोन्ही काठांवरचा हा सुपीक, कोळशानं आणि कापडानं श्रीमंत झालेला मुलूख आज बहुतांश पोलंडमध्ये आहे. तो अठराव्या शतकात ऑस्ट्रियाकडून प्रशियाच्या फ्रेडरिक दुसऱ्यानं जिंकून घेतला, पुढे जर्मन साम्राज्यात गेला आणि १९४५ साली पोलंडला मिळाला. त्याचं मुख्य शहर जर्मन काळात ब्रेस्लाउ होतं, आज ते व्रोत्सवाफ आहे. १९३९ साली तिथे सुमारे ६ लाख ३० हजार लोक राहत होते. पुढच्या आठ-दहा वर्षांत त्यातले जवळजवळ सगळे गेले आणि त्यांच्या घरांत दुसरी भाषा बोलणारी, दुसरीकडून आलेली माणसं राहू लागली. शहर उद्ध्वस्त झाल्याची उदाहरणं युरोपात पुष्कळ आहेत. पण एवढ्या मोठ्या शहराची सगळी वस्तीच बदलावी, हे फार थोड्या ठिकाणी घडलं. म्हणून इथल्या जुन्या कार्डांना वेगळं मोल आहे. आजोबांनी नातवाला रस्त्यावर उभं राहून ‘इथे पूर्वी अमुक होतं’ असं सांगायची सोय या शहरात दोन पिढ्या नव्हतीच. ते काम कार्डांनी केलं.

पोस्टकार्डाचा जन्मही याच भागाच्या शेजारचा. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीनं जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड विक्रीला काढलं. एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं त्याच वर्षी जानेवारीत व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात लेख लिहून ही कल्पना मांडली होती. दोन ओळींच्या निरोपासाठी पाकीट, घडी आणि पत्रलेखनाचा सगळा शिष्टाचार कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी उत्तर जर्मनीनं ते उचललं. हिंदुस्थानात पाव आण्याचं कार्ड १८७९ साली आलं. ही कार्डं कोरी असत. चित्रं आली ती शिळाछापाच्या, म्हणजे लिथोग्राफीच्या जोरावर, आणि त्या कामात जर्मन छापखान्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पहिल्या महायुद्धापर्यंत जगभरची चित्रकार्डं जर्मनीत छापून घेतली जात, त्यांत मुंबईची दृश्यं दाखवणारी कार्डंही होती. आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीतूनच आणले. पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानंच विकत घेतला. आपल्या घरातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आणि ब्रेस्लाउच्या नगरभवनाची कार्डं ही एकाच कारागिरीची लेकरं आहेत.

आता शहरात शिरू. ब्रेस्लाउच्या कार्डांत सगळ्यांत जास्त मान मिळाला तो मध्यवर्ती चौकाला. पोलिश लोक त्याला रिनेक म्हणतात. साधारण २१३ मीटर लांब आणि १७८ मीटर रुंद असा हा बाजारचौक तेराव्या शतकात आखला गेला. मधोमध गॉथिक शैलीतलं नगरभवन आहे, जे बांधायला आणि वाढवायला तीन शतकं लागली. कार्डवाल्यांचं त्याच्या पूर्वेकडच्या दर्शनी भिंतीवर विशेष प्रेम, कारण तिथे निमुळत्या त्रिकोणी कपाळावर नाजूक कोरीव मनोरे आहेत आणि खाली १५८० सालचं खगोलीय घड्याळ. छायाचित्रकारानं तिपाई एकाच ठिकाणी रोवून ठेवली होती की काय, असं वाटावं इतकी ही कार्डं सारखी दिसतात. बदलतात ती फक्त समोरची माणसं आणि वाहनं: आधी घोडागाड्या, मग १८९३नंतर विजेची ट्राम, मग मोटारी. तळघरात १२७३पासून चालत आलेली बिअरची खाणावळ आहे. तिचीही स्वतंत्र कार्डं निघत, आणि तिथे बसूनच ती लिहिली जात. कित्येक कार्डांवर सगळ्या टेबलानं आळीपाळीनं सह्या केलेल्या असतात.

हा मजकूर वाचायचा तर एक अडचण येते. तो काळ कुरेंट आणि तिच्यावरून शाळांसाठी बेतलेल्या स्यूटरलीन या लिपींचा होता. आपल्याकडे मोडी वाचणारे जसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, तशीच गत तिकडे या हस्ताक्षराची झाली. १९४१ साली नाझी सरकारनं ही लिपी शाळांतून काढून टाकली. आजच्या जर्मन तरुणाला पणजोबांचं कार्ड हातात असूनही वाचता येत नाही, आणि व्रोत्सवाफमधल्या पोलिश तरुणाला तर भाषाही परकी. असं असूनही सराव करून ती वाचणारे हौशी लोक दोन्हीकडे आहेत आणि त्यांनी मोठं काम केलं आहे. कारण चित्राच्या बाजूपेक्षा मजकुराच्या बाजूला शहर कधी कधी जास्त दिसतं. कुणी नव्या घराच्या खिडकीवर शाईनं फुली मारून ‘आम्ही इथे राहतो’ असं कळवलेलं असतं. त्या एका फुलीनं इमारतीचा मजला, भाडेकरूचा स्तर आणि वर्ष असं सगळं हाती लागतं.

चित्रावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. मूळ छायाचित्र काळंपांढरं असे. रंग भरणारे कारागीर कुठल्या तरी दुसऱ्या शहरातल्या छापखान्यात बसलेले असत आणि त्यांनी ती इमारत उभ्या आयुष्यात पाहिलेली नसे. विटांना ते हवा तो लाल देत, छपरांना हवा तो निळा. तारा पुसून टाकत, रस्ता ओका वाटला तर चार माणसं आणि एक ट्राम चिकटवत. दिवसा काढलेल्या छायाचित्रावर निळी झाक देऊन ढगातून चंद्र काढला आणि खिडक्यांत पिवळे ठिपके दिले की ‘चांदण्यातलं ब्रेस्लाउ’ तयार! शहराचं मुख्य रेल्वे स्थानक १८५७ साली पूर्ण झालं. किल्ल्यासारखे बुरूज असलेली ती इमारत आज भडक नारिंगी दिसते, कारण २०१२ साली संपलेल्या दुरुस्तीत तिला तिचा मूळ रंग परत दिला गेला. नुसत्या कार्डांच्या भरवशावर तो रंग ठरवायला गेलं असतं तर एकमत झालंच नसतं. तारखेच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. टपालाचा शिक्का कार्ड कधी पाठवलं ते सांगतो, छायाचित्र कधी काढलं ते नाही. तोच साचा पाच-पाच, दहा-दहा वर्षं वापरात असे. म्हणून जाणकार आधी तिकीट पाहतात. १९००पासूनचं मुकुटधारी जर्मानियाचं, म्हणजे स्त्रीरूपातल्या जर्मनीचं, हिरवं पाच फेनिगचं की १९३०च्या दशकातलं राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गचं, हे पाहून झालं की मग चित्रात कुठली इमारत अजून उभी राहिलेली नाही, ते शोधतात. जे चित्रात नाही त्यावरून तारीख जास्त पक्की ठरते.

चौकाच्या कार्डांनी मला सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते एका वेगळ्याच कारणानं. १९१० सालचं कार्ड आणि आजचा रिनेक शेजारी शेजारी ठेवले, तर काही घरं आज जास्त जुनी दिसतात! कार्डावर चार-पाच मजली, मोठाल्या काचांची, पाट्यांनी मढलेली व्यापारी इमारत असते आणि आज त्याच जागी बरोक किंवा अभिजात धाटणीचं, अठराव्या शतकात शोभेल असं घर. हे घडलं १९५०च्या दशकात. युद्धात होरपळलेला चौक पोलिश वास्तुतज्ज्ञांनी पुन्हा उभा केला तेव्हा त्यांनी एकोणिसाव्या शतकातला प्रशियन भर बऱ्याच ठिकाणी गाळला आणि त्याआधीचं रूप दिलं. त्यांच्या दृष्टीनं ते शहर पोलंडच्या प्राचीन राजवंशाचं होतं, आणि मधली दोन शतकं नजरेआड केलेलीच बरी होती. तो निर्णय मला आज अपुरा वाटतो. पण ढिगाऱ्यांतून एवढा मोठा चौक कारागिरीनं उभा करणाऱ्यांबद्दल आदरच वाटतो. शिवाय त्या काळात व्रोत्सवाफमधल्या विटा वॉर्साच्या पुनर्बांधणीसाठी वाघिणी भरभरून पाठवल्या जात होत्या आणि त्यासाठी दुरुस्त होऊ शकतील अशा इमारतीही पाडल्या गेल्या. त्या परिस्थितीत रिनेक वाचला, हेच मोठं.

कार्डांतलं दुसरं लाडकं स्थळ म्हणजे कैझरब्रुके, सम्राटाचा पूल. ओडरवरचा हा झुलता पूल १९१० साली खुद्द सम्राट विल्हेल्म दुसऱ्याच्या उपस्थितीत खुला झाला. दोन्ही टोकांना दगड-विटांचे भारदस्त मनोरे, त्यांतून ओवलेला पोलादी पट्ट्यांचा झोका आणि खाली संथ पाणी. जुन्या कार्डावर मनोऱ्यांचे माथे उंच आणि टोकदार दिसतात. आज त्या पुलावर जाऊन वर पाहिलं तर मनोरे मध्येच कापल्यासारखे सपाट आहेत. १९४५ साली सोव्हिएत सैन्याच्या वेढ्यात पुलाची मोडतोड झाली. १९४७ साली तो दुरुस्त होऊन ग्रुनवाल्ड पूल या नावानं वाहता झाला, पण मनोऱ्यांचे माथे पुन्हा चढवले गेले नाहीत. कार्ड हातात नसेल तर हे लक्षातही येत नाही. आहे तसाच पूल देखणा आहे.

त्याच कार्डावर पुलापलीकडे नजर टाकली की दोन्ही बाजूंना उंच घरांच्या रांगा असलेला रुंद रस्ता दिसतो. त्या रस्त्याचं काय झालं हे कळल्यावर ते कार्ड पूर्वीसारखं पाहता येत नाही. १९४४ साली हिटलरनं ब्रेस्लाउला ‘किल्ला’ घोषित केलं, म्हणजे शरणागती नाही. १९४५च्या फेब्रुवारीच्या मध्यात सोव्हिएत सैन्यानं वेढा घातला. शहरातला विमानतळ हातचा जाणार हे दिसताच नाझी अधिकाऱ्यांनी याच रस्त्यावरची घरं पाडून, चर्चसकट सगळं सपाट करून तिथे धावपट्टी करायला घेतली. काम करायला वेठीला धरलेले मजूर आणि शहरातली बाया-माणसं होती, वरून गोळीबार चालू होता, आणि त्या पट्टीचा पुढे फारसा उपयोगही झाला नाही. शहर ६ मे रोजी शरण आलं. बर्लिन पडून तेव्हा चार दिवस झाले होते. शहराचा सुमारे ७० टक्के भाग बेचिराख झाला, आणि त्यातला हा एक मोठा तुकडा शत्रूनं नव्हे, शहराच्याच रक्षणकर्त्यांनी पाडला होता. आज तिथे मोठा वाहता चौक, विद्यापीठाच्या इमारती आणि सत्तरच्या दशकातले काँक्रीटचे उंच निवासी मनोरे आहेत.

काँक्रीटवरून आठवतं ते या शहराचं खरं वैभव, शतकोत्सव सभागृह. नेपोलियनविरुद्धच्या १८१३च्या लढ्याची हाक प्रशियाच्या राजानं ब्रेस्लाउमधूनच दिली होती. तिच्या शंभरीनिमित्त शहरानं मोठं प्रदर्शन भरवलं आणि त्यासाठी नगर-वास्तुविशारद माक्स बेर्ग यानं १९११ ते १९१३ या काळात हे सभागृह बांधलं. प्रबलित काँक्रीटचा घुमट, आतला व्यास ६५ मीटर. रोममधल्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटरांचा, आणि तो अठराशे वर्षं जगाला अचंबित करत आला होता. बेर्गच्या घुमटाची रचना कार्डावरही उलगडते. खाली चार प्रचंड कमानी, त्यांच्या माथ्यावर एक वलय, त्या वलयातून वर निघालेल्या ३२ बरगड्या, आणि बरगड्यांना आडवी जोडणारी कडी. दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत भिंत जवळजवळ नाहीच, खिडक्या आहेत. त्या पायरीपायरीनं चढत जातात, त्यामुळे बाहेरून घुमट घुमटासारखा दिसतच नाही, एकावर एक ठेवलेल्या वलयांचा ढीग दिसतो. म्हणून बाहेरून काढलेली कार्डं पाहून आतली भव्यता लक्षात येत नाही. आतलं दृश्य दाखवणारी कार्डं पाहावीत. त्यांत माणसं ठिपक्यांएवढी आहेत. बेर्गनं काँक्रीटवर गिलावा केला नाही. लाकडी साच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच उमटलेले ठेवले. १९१३ साली, जेव्हा सार्वजनिक इमारत म्हटली की खांब, पुतळे आणि फुलापानांची नक्षी हवीच असा दंडक होता, तेव्हा हे धाडस होतं.

उद्घाटनाला त्या काळातला जगातला सर्वांत मोठा ऑर्गन बसवला गेला, १५ हजारांहून जास्त नळ्यांचा. माक्स रेगरनं त्यासाठी खास रचना केली. गेरहार्ट हाउप्टमान हा सायलेशियाचाच नोबेलविजेता नाटककार. त्यानं उत्सवी नाट्य लिहिलं आणि माक्स राइनहार्टनं ते बसवलं. पण लढ्याचा गौरव करण्याऐवजी त्यात शांततेचा सूर निघाला म्हणून राष्ट्रवादी मंडळी खवळली आणि ठरलेले प्रयोग पुरे व्हायच्या आत ते बंद पाडण्यात आलं. वर्षभरात महायुद्ध पेटलं. सभागृहाची त्या उन्हाळ्यातली कार्डं पाहताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात सभागृह मोठ्या नुकसानीशिवाय वाचलं. १९४८ साली पोलंडनं इथेच ‘परत मिळवलेल्या प्रदेशां’चं भव्य प्रदर्शन भरवलं आणि दारासमोर शंभरेक मीटर उंचीची पोलादी सुई उभी केली. जर्मन घुमटाच्या पुढ्यात पोलिश सुई, हे दृश्य मग नव्या पोलिश कार्डांवर झळकू लागलं. त्याच वर्षी शहरात भरलेल्या विचारवंतांच्या शांतता परिषदेला पिकासो आला होता. २००६ साली युनेस्कोनं सभागृहाला जागतिक वारशात घेतलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ब्रेस्लाउ वास्तुकलेत फार पुढे होतं. हान्स पोएल्त्सिगनं इथल्या कला अकादमीचं संचालकपद सांभाळलं आणि वळणदार कोपऱ्यांची कार्यालयीन इमारत बांधली. एरिख मेंडेलसोननं १९२८ साली पेटर्सडॉर्फ यांच्या दुकानाला रस्त्याच्या कोपऱ्यावर पुढं झेपावणारा अर्धगोल काचेचा सज्जा दिला. १९२९मध्ये नव्या पद्धतीच्या घरांचं प्रदर्शन भरलं, त्यासाठी हान्स शारूननं एकट्या राहणाऱ्यांसाठी आणि मूल नसलेल्या जोडप्यांसाठी जहाजासारखं लांबट वसतिगृह बांधलं. ते आजही हॉटेल म्हणून वापरात आहे. १९३० साली वेर्टहाइमचं अवाढव्य दुकान उघडलं, त्याच्या दर्शनी भागावर जगभरच्या मानववंशांचे मातीत घडवलेले मुखवटे आहेत. आज ते रेनोमा नावानं चालू आहे. या इमारतींची कार्डं तोपर्यंत रंगीत शिळाछापावर नव्हे, चकचकीत छायाचित्र-कागदावर निघू लागली होती.

दुकानदार ज्यू होते, मेंडेलसोन ज्यू होता. १९३३मध्ये तो जर्मनी सोडून गेला. ब्रेस्लाउमध्ये तेव्हा सुमारे वीस हजार ज्यू राहत होते आणि त्यांचं शहराला दिलेलं देणं मोठं होतं. क्वांटम भौतिकीतला माक्स बॉर्न इथलाच. नाझींनी प्राध्यापकी काढून घेतल्यावर सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून त्यानं १९३५-३६ची हिवाळी सहामाही बंगळुरूत काढली. शहराचं नवं सिनेगॉग १८७२ साली एडविन ओप्लरनं बांधून पूर्ण केलं, जर्मनीत बर्लिनच्या खालोखाल तेच मोठं. त्याचा उंच घुमट जुन्या कार्डांवर नगरभवनाइतक्याच सहजतेनं येतो, ‘ब्रेस्लाउहून नमस्कार’च्या वेलबुट्टीत शेजारच्या चर्चबरोबर बसतो. ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री ते जाळण्यात आलं. मला त्या सहजतेचंच फार वाटतं. गावानं आपल्या मिरवण्याच्या गोष्टींत ज्याला चाळीस-पन्नास वर्षं धरलं होतं, त्याच्या राखेभोवती तेच गाव जमलं होतं. शहरातलं जुनं, १८२९ सालचं ‘पांढरा करकोचा’ नावाचं सिनेगॉग तेवढं वाचलं. ते घरांच्या दाटीत होतं आणि आग लावली तर शेजारची वस्ती पेटण्याची भीती होती. आज ते दुरुस्त होऊन प्रार्थनेला आणि मैफलींना खुलं आहे.

१९४५नंतर सीमा पश्चिमेकडे सरकल्या. पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघानं घेतला, बदल्यात सायलेशिया मिळाला. जर्मनांना गाड्यांत बसवून पाठवण्यात आलं आणि त्यांच्या घरांत पूर्वेकडून उखडलेले लोक आले. त्यांत ल्वूफचे, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवचे, पुष्कळ होते. त्यांनी आपल्या शहराचे तुकडे बरोबर आणले. १८१७ साली स्थापन झालेल्या ओस्सोलिनेउम ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग आला. १८९४ सालचं रात्स्वावित्सेच्या लढाईचं १५ मीटर उंच आणि ११४ मीटर लांब वर्तुळाकार चित्र गुंडाळून आलं, पण ते रशियनांवरच्या विजयाचं असल्यामुळे लोकांसमोर उलगडायला १९८५ साल उजाडलं. नाटककार फ्रेद्रोचा ल्वूफमधला पुतळा १९५६ साली रिनेकवर बसवला गेला, नेमका तिथे, जिथे जुन्या कार्डांवर प्रशियाच्या राजाचा अश्वारूढ पुतळा दिसतो. कोल्हापूरकरांना ही माणसं परकी वाटू नयेत. सायबेरियात हद्दपार होऊन तिथून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. तेही याच हातच्या गेलेल्या पूर्व पोलंडचे. युद्ध संपल्यावर परत जायला त्यांचं गाव पोलंडमध्ये उरलं नव्हतं.

नव्या रहिवाशांनी सुरुवातीला जर्मन खुणा पुसल्या. पाट्या काढल्या, दगडातली अक्षरं छिनली, साठ-सत्तरच्या दशकांत कबरस्तानंही उखडली. ही सीमा टिकेल याची कुणालाच खात्री नव्हती. जर्मनीनं ती पक्की मान्य केली १९९०मध्ये. त्यानंतर मात्र शहरात जुन्या कार्डांची एवढी ओढ लागली की अल्बमवर अल्बम निघाले. मारेक क्रायेव्स्की या लॅटिनच्या प्राध्यापकानं १९९९पासून जर्मन ब्रेस्लाउमध्ये घडणाऱ्या गुप्तहेरकथा लिहिल्या आणि पोलिश वाचकांनी त्या उचलून धरल्या. नाहीशा झालेल्या कबरस्तानांसाठी शहरानं २००८ साली सामाईक स्मारक उभारलं. इथे जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला आपल्या दाराच्या चौकटीचा इतिहास हवा होता, आणि तो जर्मन निघाला म्हणून तिला त्यात काही कमी वाटलं नाही.

ओडरच्या खालच्या अंगाला ग्वोगूफ आहे, जर्मन काळातलं ग्लोगाउ. तेही ‘किल्ला’ ठरवलं गेलं आणि जवळजवळ नामशेष झालं. जुन्या गावठाणाच्या जागी कित्येक वर्षं नुसतं गवत होतं. १९८०च्या दशकात ते पुन्हा बांधायला घेतलं तेव्हा जुनी घरं हुबेहूब उठवली नाहीत. रस्त्यांची जुनी आखणी, घरांची जुनी रुंदी आणि उतरत्या छपरांचा ताल तेवढा ठेवला, बाकी नवं. कार्डावरचा आणि आजचा रस्ता ताडून पाहिला तर तपशील एकही जुळत नाही, पण रस्ता ओळखू येतो. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो.

कार्डं जे टाळत आली त्याबद्दल सांगायला हवं. ब्रेस्लाउ जर्मनीतल्या सगळ्यांत दाटीच्या शहरांपैकी होतं. १९२८ साली हद्द वाढेपर्यंत कामगारांची कुटुंबं अंगणामागे अंगण असलेल्या चाळवजा इमारतींत कोंबलेली होती. त्या अंगणांचं कार्ड कुणी काढलं नाही. कार्डांवर मिरवला तो शहराचा दक्षिण भाग, बागांचा, बंगल्यांचा, रुंद रस्त्यांचा. वेढ्यात हल्ला दक्षिण आणि पश्चिमेकडून झाला, त्यामुळे तोच भाग सगळ्यांत जास्त जळाला. तिथल्या मुख्य रस्त्यावर आता २१२ मीटरांची काचेची इमारत उभी आहे. नदीपलीकडचं नादोद्जे, म्हणजे कामगारांचं आणि लहान व्यापाऱ्यांचं, बरंचसं वाचलं. एकोणिसाव्या शतकातले जिने, रंगीत फरशा आणि लोखंडी कठडे आज पाहायचे तर तिकडेच जावं लागतं. गिलावा सोललेल्या भिंतींवर मधूनच जर्मन अक्षरांत एखाद्या किराणा दुकानाची जाहिरात डोकावते. या भागाची जी थोडी कार्डं आहेत ती बहुधा कोपऱ्यावरच्या खाणावळवाल्यानं किंवा बेकरीवाल्यानं स्वतःच्या खर्चानं काढून घेतलेली, दारात मालक, मालकीण, एप्रन बांधलेला पोऱ्या आणि कुत्रा असे सगळे उभे. नगरभवनाची कार्डं अमाप छापली गेली, त्यामुळे ती आजही स्वस्तात मिळतात. संग्राहक झगडतात ते या बेकरीवाल्याच्या कार्डासाठी, कारण त्याच्या थोड्याच प्रती निघाल्या होत्या आणि त्यावरची इमारत बहुतेक वेळा अजून जागेवर असते, तळमजल्यावर दुकानासकट.